कारकीर्द, काळ आणि रीत : वऱ्हाडच्या कालनामांची चिकित्सा

‘एलिझाबेथन’, ‘जॉर्जियन’, ‘व्हिक्टोरियन’, ‘एडवर्डियन’ ही ब्रिटिश राजाराण्यांच्या नावांपासून घडलेली विशेषणे मराठी वाङ्मयसमीक्षेत, वास्तुविचारात आणि स्थानिक इतिहासाच्या लेखनात आता इतकी रुळली आहेत, की ती ज्या मुलखाला लावली जातात तिथे त्या राजाराण्यांचे राज्य खरोखर होते का, हा साधा प्रश्नही सहसा विचारला जात नाही. काळाच्या सलग पटावर खुणा करून त्या त्या भागाला नाव देणे, म्हणजेच कालनामकरण, ही इतिहासलेखनातील एक कला आहे. नाव नेमके पडले तर दोन-तीन पिढ्यांचा व्यवहार एका शब्दात उभा राहतो, आणि चुकले तर तोच शब्द पुढच्या प्रत्येक वाचकाला चुकीच्या वाटेने नेत राहतो. या कलेची मराठीतील आजची स्थिती तपासायची तर वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्याकडे पाहावे, कारण यादव, इमादशाही, अहमदनगरची निजामशाही, मोगल, हैदराबादचे आसफजाही निजाम, नागपूरकर भोसले आणि इंग्रज अशा सत्तांचे थर इथे एकावर एक बसलेले आहेत, आणि त्यांपैकी काही सत्ता तर एकाच वेळी, एकाच गावावर नांदलेल्या आहेत.

इंग्रजीतील ही नावे प्रथमदर्शनी दिसतात तितकी सरळ नाहीत. पहिल्या एलिझाबेथच्या १५५८ ते १६०३ या कारकिर्दीला ‘एलिझाबेथन’ म्हटले जाते हे उघड आहे. पण तिच्यानंतर आलेल्या पहिल्या जेम्सचा काळ ‘जेकोबियन’ ठरतो, कारण जेम्स या नावाचे लॅटिन रूप ‘याकोबुस’ असे आहे, आणि त्याचा मुलगा पहिला चार्ल्स याचा काळ ‘कॅरोलाइन’ ठरतो, कारण चार्ल्सचे लॅटिन रूप ‘कारोलुस’. १७१४ पासून १८३० पर्यंत चार जॉर्ज एकामागून एक गादीवर आले, म्हणून तो सगळा पट्टा ‘जॉर्जियन’ झाला. त्यातल्याच १८११ ते १८२० या नऊ वर्षांत तिसऱ्या जॉर्जच्या आजारपणामुळे युवराजाने राज्यपालन केले, म्हणून त्या तुकड्याला ‘रीजन्सी’ हे वेगळे नाव मिळाले. चौथ्या विल्यमच्या वाट्याला सात वर्षे आली आणि त्याच्या नावाचे विशेषण रूढच झाले नाही. कालनामाला निव्वळ राजा पुरत नाही, त्या राजाच्या काळाला काही चेहरा असावा लागतो, हे या उदाहरणावरून दिसते. व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१ अशी त्रेसष्ट वर्षांहून अधिक चालली, आणि ती चालू असतानाच १८७५ मध्ये अमेरिकी समीक्षक एडमंड स्टेडमन याने त्या काळच्या कवींवरच्या ग्रंथाच्या नावात ‘व्हिक्टोरियन’ हा शब्द घातला. १९१८ मध्ये लिटन स्ट्रेची याने त्याच काळातील चार मान्यवरांची चरित्रे लिहिली, त्यानंतर या शब्दाला सोवळेपणाची आणि दांभिकपणाची छटा चिकटली आणि आजतागायत ती सुटलेली नाही.

या शब्दांत तीन निरनिराळे अर्थ एकाच वेळी दडलेले असतात. पहिला अर्थ कारकिर्दीचा, म्हणजे अमुक व्यक्ती गादीवर असण्याचा. दुसरा काळाचा, म्हणजे अमुक सालापासून अमुक सालापर्यंतचा. आणि तिसरा रीतीचा, म्हणजे त्या काळात घडलेल्या घरांची, कवितेची, वागणुकीची जी घडण, तिचा. इंग्रजीचा प्रत्यय हे तिन्ही अर्थ एकत्र बांधतो आणि प्रसंगानुसार त्यांतला कोणताही एक पुढे करतो. ‘व्हिक्टोरियन नीती’ असे म्हटले की साल मागे पडते आणि रीत पुढे येते. ॲन राणी १७१४ मध्ये वारली, तरी तिच्या नावाने ओळखली जाणारी घरबांधणीची शैली १८७० नंतरच्या लंडनमध्ये भरभराटीला आली. म्हणजे तिथे कारकीर्द आणि काळ दोन्ही संपलेले, आणि रीत तेवढी नावाला धरून राहिलेली. ‘जॉर्जियन’ या शब्दाची गत आणखी विचार करण्यासारखी आहे, कारण वास्तुशास्त्रात तो अठराव्या शतकातील विटांच्या प्रमाणबद्ध घरांना लागतो आणि काव्यविचारात १९१२ ते १९२२ या वर्षांत निघालेल्या, पाचव्या जॉर्जच्या काळातील कवितासंग्रहांना लागतो. दोन्हींत सुमारे दोनशे वर्षांचे अंतर आहे.

मराठीची घडण वेगळी आहे, आणि या बाबतीत ती इंग्रजीपेक्षा अधिक काटेकोर आहे. एका राजाच्या गादीवर असण्याला मराठीत ‘कारकीर्द’ म्हणतात. एका सत्तेच्या प्रत्यक्ष कारभाराला ‘अंमल’ किंवा ‘अमदानी’. घराण्याच्या राज्याला ‘राजवट’ किंवा ‘शाही’. आणि त्या राज्याच्या मुलखाला, रीतीला व आठवणीला मिळून ‘पेशवाई’, ‘मोगलाई’ यांसारखी आई-प्रत्ययान्त नामे आहेत. ‘कालीन’ हा संस्कृत प्रत्यय निव्वळ वेळ सांगतो आणि रीतीविषयी मौन पाळतो. त्यामुळे ‘व्हिक्टोरियाकालीन घर’ म्हणजे तिच्या काळात बांधलेले कोणतेही घर, मग ते धाब्याचे मातीचे का असेना. आणि ‘व्हिक्टोरियन घर’ म्हणजे एका विशिष्ट धाटणीचे घर. हा भेद मराठीत सहज करता येतो, तरी पुष्कळ लेखक दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी टाकतात, आणि भाषेने आयती दिलेली सोय वाया घालवतात. मुंबईच्या रेल्वे टर्मिनसचे उदाहरण इथे बोलके आहे. राणीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तिचे नाव मिळालेल्या त्या इमारतीचे नाव १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला. पण २०१८ मध्ये मुंबईच्या फोर्ट भागातील इमारतींचा समूह जागतिक वारसायादीत आला, तो ‘व्हिक्टोरियन गॉथिक’ हे शब्द नावात घेऊनच. राणीचे नाव दारावरून उतरले, रीतीचे नाव राहिले, आणि ते तसे राहण्यात काही गैर नाही.

बुलढाण्यात मात्र प्रश्न इतका सरळ सुटत नाही. मे १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत निजाम नासिरुद्दौला याच्याशी तह झाला आणि कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले. हे सार्वभौमत्वाचे हस्तांतर नव्हते. मुलूख निजामाचा राहिला आणि वसूल व व्यवस्था इंग्रजांकडे गेली. त्या घटकेला बुलढाण्याच्या एखाद्या पाटलाच्या डोक्यावर किती धनी होते, हे मोजून पाहण्यासारखे आहे. निजामाच्या नाण्यांवर तोपर्यंत दिल्लीच्या मोगल बादशहाचे नाव येत होते, कारण कागदोपत्री निजाम हा त्याचा दख्खनचा सुभेदार होता. मुलखाचा मालक निजाम होता. वसूल घेणारी कंपनी होती. आणि कंपनीच्या वर इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया होती. १८५७ नंतर बादशहा गेला, १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्याने कंपनी गेली, १८७७ च्या आरंभी राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले गेले. परंतु निजामाचे नाममात्र का होईना स्वामित्व वऱ्हाडावरून हटले नाही. आल्फ्रेड लायल याने १८७० मध्ये या प्रांताचे गॅझेटियर प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या शीर्षकातच या प्रदेशाला ‘हैदराबादने सोपवलेले जिल्हे’ असे म्हटले होते. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वार्षिक २५ लाख रुपयांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला, तेव्हा व्हिक्टोरियाच्या मृत्यूला वर्ष उलटून गेले होते, आणि १९३६ च्या करारानेही निजामाचा हक्क मान्यच केला. त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली ती याच नात्याने. तेव्हा कारकीर्द या अर्थाने पाहिले तर १८५३ ते १९०१ या काळातील बुलढाणा हा नासिरुद्दौला, अफजलुद्दौला आणि महबूब अली खान या तीन निजामांच्या कारकिर्दींचा आहे, आणि अंमल या अर्थाने तो इंग्रजांचा आहे. ‘व्हिक्टोरियन बुलढाणा’ असे लिहिणारा लेखक या दोन्हींपैकी काहीच सांगत नाही.

याचा अर्थ तो शब्द वऱ्हाडातून हद्दपार करावा असा नाही. मँचेस्टरच्या गिरण्या, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात खुंटलेला कापसाचा पुरवठा, मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांवरून १८६७ मध्ये नागपूरला पोचलेली लोहमार्गाची वाट आणि जलंब ते खामगाव हा १८७० मध्ये सुरू झालेला फाटा, या साखळीतून खामगावची कापूसपेठ वाढली. ही साखळी ज्या अर्थव्यवस्थेची होती तिचे नाव व्हिक्टोरियन असे देता येते, आणि तिच्या संदर्भात हा शब्द वापरणारा अभ्यासक चूक करत नाही. फक्त त्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे, की खामगाव आणि जळगाव जामोद हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील ‘बुलढाणा जिल्ह्याची’ कापूसपेठ म्हणून खामगावचा उल्लेख करणे हीदेखील काळाची एक गल्लतच आहे.

सामान्य माणसाने या काळाला दिलेली नावे अधिक नेमकी होती. वऱ्हाडात चालणारा इंग्रजी रुपया ‘कळदार’ म्हणून ओळखला जाई, तर हद्दीपलीकडच्या जालना-औरंगाबादकडे निजामाचा ‘हाली सिक्का’ चाले. शेतकऱ्याच्या दृष्टीने राज्य कोणाचे, याचा उलगडा तहाच्या कलमांत शोधावा लागत नसे, तो गाठीच्या पैशांवरून होई. ‘राणीछाप रुपया’ या शब्दातही राणी येते, पण ती छाप म्हणून येते, मालकीण म्हणून नव्हे. सातव्या एडवर्डच्या रुपयावर त्याचे मस्तक मुकुटाविना कोरलेले होते आणि पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयावरील हत्तीची सोंड आखूड दिसून तो डुकरासारखा वाटतो अशी तक्रार झाल्याने ते नाणे मागे घ्यावे लागले. बाजारहाट करणाऱ्या माणसाने ब्रिटिश कारकिर्दींतील फरक ओळखला असेल तर तो अशा खुणांवरून. त्याच शेतकऱ्याच्या बोलण्यात शेजारचा निजामी मुलूख ‘मोगलाई’ होता, आणि या नावामागे अज्ञान नव्हते. निजाम स्वतःला बादशहाचा सुभेदार म्हणवीत होता आणि नाणी त्याच्या नावाने पाडीत होता, म्हणून त्याचा मुलूख मोगलांचा. पुढे हाच शब्द बेबंद कारभाराला लावला जाऊ लागला, आणि ‘ही काय मोगलाई लागून गेली आहे का’ असा वाक्प्रचार रूढ झाला. एका कालनामाचे रीतीच्या नावात, आणि रीतीच्या नावाचे निवाड्यात रूपांतर कसे होते, हे पाहायचे तर ‘व्हिक्टोरियन’ या शब्दाच्या शेजारी ‘मोगलाई’ हा शब्द ठेवून पाहावा. दोघांचा प्रवास एकच आहे.

मराठी वाङ्मयेतिहासाने इंग्रजी राज्यासाठी एक फार चांगले नाव घडवले होते, ते म्हणजे ‘अव्वल इंग्रजी’. अव्वल म्हणजे पहिला. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यापासून १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू होईपर्यंतचा काळ या नावाने ओळखला जातो. या नावात कोणा राजाराणीचा उल्लेख नाही. ते अंमलाचे नाव आहे, आणि अंमल नवा असताना माणसांच्या मनात जी उलथापालथ होते तिचे आहे. तरीही ते पुण्या-मुंबईचे नाव आहे, हे विसरून चालणार नाही. बुलढाण्यात अव्वल इंग्रजी सुरू होते ती १८५३ मध्ये, म्हणजे पुण्याच्या पस्तीस वर्षे नंतर, जेव्हा मुंबईत ‘दर्पण’ निघून बंद पडले होते आणि पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ चालू झाले होते. १८१८ हे साल वऱ्हाडाच्या इतिहासात उंबरठ्याचे नाही; तिथला उंबरठा १८०३ चा, ज्या साली अडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव होऊन देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडला. त्याआधी बराच काळ वऱ्हाडाचा वसूल निजाम आणि भोसले यांच्यात वाटला जाई, आणि त्या व्यवस्थेला ‘दोअंमली’ म्हणत. दोन धन्यांचा एकाच वेळी चालणारा अंमल एका शब्दात सांगणारे हे नाव इतके अचूक आहे, की ते आज शालेय पुस्तकांतून आणि तालुक्याच्या इतिहासांतून जवळजवळ नाहीसे व्हावे, ही खेदाची गोष्ट आहे.

‘जॉर्जियन’ या शब्दात जो घोटाळा आहे तोच मराठीत ‘निजामशाही’ या शब्दात आहे, आणि बुलढाण्यात तो सर्वांत जास्त जाणवतो. अहमदनगरच्या निजामशाहीने १५७४ मध्ये इमादशाही बुडवून वऱ्हाड घेतले. मोताळा तालुक्यातील रोहिणखेडची १५८२ ची मशीद ही त्या सत्तेची खूण आहे. हे राज्य १६३६ मध्ये संपले. हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा मूळ पुरुष निजामुल्मुल्क याने ऑक्टोबर १७२४ मध्ये मोगल बादशहाच्या बाजूचा सुभेदार मुबारिजखान याचा पराभव करून दख्खनमध्ये आपली स्वतंत्र सत्ता उभी केली, आणि ती लढाई झाली ती याच जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे. विजयानंतर त्या गावाला फत्तेखेर्डा हे नाव देण्यात आले. म्हणजे एकाच जिल्ह्यात एक निजामशाही सोळाव्या शतकात आली आणि दुसऱ्या निजामाचे राज्य अठराव्या शतकात इथल्याच रानात जन्मले. वृत्तपत्री लेखनात दोन्हींना ‘निजामशाही’ किंवा ‘निजामकालीन’ हे एकच विशेषण लागते, आणि वाचकाला शंभर-दीडशे वर्षांच्या अंतराची दोन घराणी एकच वाटू लागतात. ‘निजामशाही’ हा शब्द अहमदनगरसाठी राखून हैदराबादसाठी ‘आसफजाही’ हा शब्द सातत्याने वापरणे अवघड नाही. उर्दू आणि तेलुगू इतिहासलेखनात तो रूढ आहे, मराठीत तो पुस्तकी समजून टाळला जातो.

सिंदखेडराजाचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तिथे नावाशी श्रद्धा जोडलेली आहे. जिजाऊसाहेबांचा जन्म परंपरेने १५९८ मध्ये मानला जातो. इंग्लंडच्या कालगणनेने बोलायचे तर ते एलिझाबेथन काळाचे शेवटचे पर्व होते, आणि त्यांचे वडील लखुजी जाधवराव यांचा दौलताबादच्या दरबारात खून झाला ते १६२९ साल कॅरोलाइन काळात पडते. असे म्हणणे कानाला विचित्र लागते, आणि ते तसे लागणे योग्यच आहे, कारण लंडनच्या गादीचा सिंदखेडच्या जहागिरीशी काडीचा संबंध नव्हता. पण मग लखुजींच्या वाड्याला ‘शिवकालीन’ म्हणणेही कानाला तितकेच लागले पाहिजे. शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा, लखुजींच्या मृत्यूनंतर सात महिन्यांनी. नातवाच्या जन्माआधी जो मारला गेला, त्याच्या हयातीतील वास्तूला नातवाच्या काळाचे नाव देणे म्हणजे कार्याचे नाव कारणाला देणे होय. यात महाराजांचा गौरव वाढत नाही आणि लखुजींचे कर्तृत्व झाकले जाते. निजामशाहीतला एक बलाढ्य सरदार, मोती तलाव आणि चांदणी तलाव यांसारख्या जलाशयांनी ओळखले जाणारे नगर, आणि त्याच्यासोबत त्याच्या मुलांनाही एका दिवसात संपवणारे क्रूर राजकारण, हा सारा इतिहास ‘शिवकालीन’ या एका विशेषणाखाली नाहीसा होतो. २०२४ मध्ये लखुजींच्या समाधीजवळ चाललेल्या कामात एका जुन्या शिवमंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची अप्रतिम मूर्ती उजेडात आली, तेव्हा त्या जागेच्या पोटात जाधवरावांच्याही आधीची शतके आहेत हे सर्वांना दिसले. ज्या जागेला एकच कालनाम पुरत नाही, तिथे एकच नाव ठोकून बसवण्याचा हट्ट धरू नये, हाच त्या शोधाचा पहिला धडा आहे.

कालनाम रीतीचे नाव कसे बनते, याचे मराठीतील सर्वोत्तम उदाहरण ‘हेमाडपंती’ हे आहे, आणि बुलढाणा जिल्हा या शब्दाचे घर म्हणावे इतक्या वास्तू इथे आहेत. लोणारच्या विवरातील आणि गावातील मंदिरे, मेहकरची जुनी धर्मशाळा, सातगाव आणि कोथळी येथील देवळे, या सगळ्यांना लोक हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री किंवा हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा तेराव्या शतकातील मंत्री, ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथाचा कर्ता. चुना न भरता, दगडाला दगड खाचेने आणि खुंटीने बसवून बांधण्याची पद्धत त्याने काढली, अशी लोकसमजूत आहे. वस्तुस्थिती अशी, की ही पद्धत त्याच्या जन्माआधी दोन शतके महाराष्ट्रात पूर्ण विकसित झाली होती. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे आहे, आणि तरीही लोकांच्या तोंडी ते हेमाडपंतीच आहे. हेन्री कझन्स याने वऱ्हाडातील अवशेषांच्या यादीपासून दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१ च्या ग्रंथापर्यंत या शब्दाशी झुंज घेतली. शब्द चुकीचा आहे हे त्याला ठाऊक होते आणि शब्दावाचून काम भागत नाही हेही ठाऊक होते. त्यानंतरच्या अभ्यासकांनी ‘भूमिज’, ‘यादवकालीन’, ‘उत्तर चालुक्य’ असे शास्त्रीय पर्याय पुढे केले, आणि मंदिराचे शिखर कोणत्या प्रकारचे, तलविन्यास म्हणजे जमिनीवरील आराखडा कसा, हे सांगण्यासाठी ते आवश्यकच आहेत.

परंतु ‘हेमाडपंती’ हा शब्द चूक म्हणून टाकून देण्याची जी प्रवृत्ती विद्वानांत दिसते, ती रास्त नाही. हा शब्द कारकीर्द म्हणून खोटा आणि काळ म्हणून सैल असला, तरी रीत म्हणून तो पूर्ण खरा आहे. चुन्याविना उभी राहिलेली काळ्या दगडाची भिंत पाहताच गावातला गवंडीही तो उच्चारतो आणि त्याचा अर्थ चुकत नाही. ॲन राणीच्या नावाची शैली तिच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी फोफावली म्हणून इंग्रजांनी ते नाव सोडले नाही. त्यांनी ते शैलीपुरते मर्यादित केले. मराठी अभ्यासकांनीही तेच करावे. मंदिराची रीत हेमाडपंती आणि काळ यादव किंवा यादवपूर्व, असे दोन रकाने केले की लोकशब्दही टिकतो आणि शास्त्रही टिकते. कोणत्याही भाषेत लोकांनी घडवलेली शैलीवाचक नावे थोडी असतात. मराठीत हे एक इतके पक्के नाव सापडले आहे, ते गमावण्याची श्रीमंती मराठीजवळ नाही.

वाङ्मयाच्या क्षेत्रात मराठीने राजांची नावे जवळजवळ वापरलीच नाहीत, आणि हे तिचे वैशिष्ट्य नोंदवण्याजोगे आहे. चिपळूणकर, केशवसुत, रविकिरण मंडळ, मर्ढेकर, आणि मग साठोत्तरी. कालखंड लेखकाच्या नावाने, मंडळाच्या नावाने किंवा दशकाच्या आकड्याने ओळखले जातात. आगरकरांचे ‘विकारविलसित’ आणि देवलांचे ‘झुंझारराव’ ही एलिझाबेथच्या आणि जेम्सच्या काळातील नाटकांची रूपांतरे व्हिक्टोरियाच्या काळात झाली, म्हणून त्यांना कोणी त्या राजाराण्यांचे नाव दिले नाही. ‘शीळ’चे कवी ना. घ. देशपांडे यांचा जन्म १९०९ चा, म्हणजे सातव्या एडवर्डच्या कारकिर्दीतला. मेहकरला वकिली करत त्यांनी जी कविता लिहिली आणि जिच्यासाठी १९८६ मध्ये ‘खूणगाठी’ या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ती कविता पैनगंगेच्या काठची आहे. तिच्यावर एडवर्डियन शिक्का मारण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नाही. बुलढाण्यात वकिली करणाऱ्या या. मा. काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४ मध्ये, आणि चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी लिहिलेले जोतीराव फुल्यांचे चरित्र १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. पाचव्या जॉर्जच्या कारकिर्दीतील ही दोन पुस्तके आपापल्या विषयांनी ओळखली जातात, राजाच्या नावाने नाही.

भाविकांच्या जगातील कालगणनाही अशीच स्वयंपूर्ण आहे. मुंबईत ज्या वर्षी त्या मोठ्या टर्मिनसचे बांधकाम सुरू झाले त्याच १८७८ साली गजानन महाराज शेगावात प्रकट झाले, आणि १९१० च्या ऋषिपंचमीला त्यांनी समाधी घेतली, त्याच वर्षी मे महिन्यात सातवा एडवर्ड वारला होता. महाराजांची बत्तीस वर्षे म्हणजे उत्तर-व्हिक्टोरियन आणि संपूर्ण एडवर्डियन काळ होय. पण शेगावच्या भक्ताला त्या वर्षांसाठी ‘महाराज असताना’ एवढे दोन शब्द पुरतात, आणि त्याच्या स्मृतीपुरते ते कोणत्याही राजनामापेक्षा अर्थपूर्ण आहेत. घाटाखालच्या आणि घाटावरच्या गावांत वृद्धांची कालगणना संकटांवर चालत आली आहे. १९१८ च्या तापाच्या साथीला ‘मानमोडी’ हे नाव पडले. १९४७-४८ मध्ये निजामी हद्दीतून वऱ्हाडात आलेल्या कुटुंबांच्या बोलण्यात ‘रझाकाराचा काळ’ राहिला. आणि ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटल्यावर आजही कोणाला शतक विचारावे लागत नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळून निघाले, त्या वर्षालाही ‘व्हिक्टोरियन’ म्हणता येईल, पण ते म्हणताना जीभ अडखळली पाहिजे.

कालनाम कोण देतो, यावर त्याचा अर्थ ठरतो. जेम्स मिल याने १८१७ च्या आपल्या इतिहासात हिंदुस्थानच्या भूतकाळाचे हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश असे तीन भाग केले. पहिली दोन नावे धर्माची आणि तिसरे राष्ट्राचे, आणि या असमान मापाने पुढच्या दीडशे वर्षांची पाठ्यपुस्तके लिहिली गेली. मराठीने ‘शिवकाल’, ‘पेशवाई’ अशी नावे रुजवून त्या मापाला उत्तर दिले, परंतु त्या नावांतही आपापली बाजू आहे. ‘पेशवाई थाट’ म्हणणाऱ्याला पैठणी आणि पंगत आठवते. फुल्यांच्या आणि आंबेडकरांच्या परंपरेत ‘पेशवाई’ म्हणजे अस्पृश्यांच्या गळ्यातले मडके. दोन्ही अर्थ शब्दकोशात राहिले पाहिजेत, कारण एक काढला तर दुसरा खोटा ठरतो.

मराठीतील कालनामकरणाची आजची स्थिती पाहता शब्दांची उणीव कुठेही दिसत नाही. दिसते ती आळसाची सवय, जी हाताशी असलेला नेमका शब्द सोडून ओळखीचा मोठा शब्द उचलते, मग तो ‘व्हिक्टोरियन’ असो वा ‘शिवकालीन’. गावाचा, तालुक्याचा, देवस्थानाचा इतिहास लिहिणारे हौशी अभ्यासक बुलढाणा जिल्ह्यात पुष्कळ आहेत आणि त्यांच्या हातूनच पुढच्या पिढीची कालनामे ठरणार आहेत. त्यांनी एवढे करावे: वास्तूच्या किंवा घटनेच्या नोंदीत शतक किंवा शक आधी लिहावा, मग कारकीर्द कोणाची आणि अंमल कोणाचा हे वेगळे सांगावे, आणि रीतीचे नाव शेवटी, स्वतंत्रपणे द्यावे. सिंदखेडराजाच्या वाड्याविषयी लिहिताना ‘लखुजी जाधवरावांच्या हयातीतील, अहमदनगरच्या निजामशाहीचा अंमल’ असे लिहिले, तर ते वाक्य ‘शिवकालीन’ या एका शब्दाहून लांब होईल, पण लखुजी त्यात सापडतील.